अभिनयाची एकच पद्धत धरावी की सगळ्या करून बघाव्यात?

तिसरी_घंटा:
नाटकात काम करते आणि सध्या पद्धती शोधत फिरायचं वेड लागलंय, जाम मजा येतेय. आधी ली स्ट्रासबर्ग या अमेरिकन अभिनय-शिक्षकाची मेथड केली, म्हणजे आपल्याच आयुष्यातला एखादा प्रसंग घ्यायचा, त्या खोलीचा वास, उजेड, हाताला लागलेलं कापड असं एकेक आठवत जायचं, मग भावना आपोआप वर येते म्हणतात. नंतर माइसनर या दुसऱ्या अमेरिकन शिक्षकाचं रिपिटिशन. दोघं समोरासमोर बसतात, एक म्हणतो 'तुझं बटण तुटलंय', दुसरा 'माझं बटण तुटलंय', बस, हेच चालू ठेवायचं. सुरुवातीला हसू आवरत नाही, पण थोड्या वेळाने त्याच वाक्यात चिडचिड येते, लाज येते, मधेच कुणीतरी दुखावतं आणि यातलं काहीच ठरवलेलं नसतं, समोरच्याकडे नीट बघितल्यामुळे ते येतं. आता मायकेल चेकॉव्हचं सायकॉलॉजिकल जेश्चर चाललंय, पात्राला काय हवंय ते अख्ख्या शरीराच्या एकाच मोठ्या हालचालीत काढायचं. माझं मत, नटाने एकाच गुरूचा गंडा बांधू नये.

प्रॉम्प्टर:
अजिबात पटलं नाही. एक ना धड भाराभर चिंध्या होतील. माइसनरचं पूर्ण ट्रेनिंग दोन वर्षांचं असतं, रिपिटिशन ही त्यातली पहिली पायरी, तुम्ही तिथूनच परत फिरलात. नवीन वर्कशॉपचे पहिले दिवस सगळीकडेच भारी जातात, कंटाळा यायला लागला की खरं शिकणं सुरू होतं.

तिसरी_घंटा:
अहो पण या सगळ्यांचं मूळ ज्यांच्यात आहे ते रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की तरी कुठे एका जागी थांबले? आधी भावनिक स्मृतीवर भर, उतारवयात शारीरिक क्रियांवर. अमेरिकन नटी स्टेला ॲडलर 1934 मध्ये पॅरिसला त्यांच्याकडे शिकली आणि परत येऊन ग्रुप थिएटरमध्ये, म्हणजे ती आणि स्ट्रासबर्ग दोघं ज्या न्यूयॉर्कच्या नाटक कंपनीत होते तिथे, सांगितलं की स्वतःच्या आठवणी उकरण्यापेक्षा नाटकातली परिस्थिती आणि कल्पनाशक्ती धरा. त्यावरून स्ट्रासबर्गशी तिचं जे वाजलं ते वाजलंच.

प्रॉम्प्टर:
तेच तर म्हणतोय ना. 1898 ला मॉस्को आर्ट थिएटर काढलं आणि 1938 ला जाईपर्यंत तो माणूस एकाच प्रश्नाच्या मागे होता. तेवढं खोल गेल्यावर बदला की, कोण अडवतंय.

साइडविंग:
मेथडबद्दल बोलायचं तर स्वतःचं दुःख प्रत्येक प्रयोगाला उकरलं की ते बोथट होतं आणि माणूस थकतो तो वेगळाच. मी हातातल्या कामावर विश्वास ठेवतो. समजा गेलेल्या माणसाचं कपाट आवरायचा सीन आहे. रडू कसं आणू हा विचारच करायचा नाही, स्वेटरची घडी घालायची, बाही बाहेर राहिली तर उलगडून परत घालायची, आणि ती घडी नीट बसलीच पाहिजे असा हट्ट धरायचा. गळा आपसूक दाटतो आणि नाही दाटला तरी प्रेक्षकाला सगळं पोचलेलं असतं.

शेवटची_रांग:
सगळे भावनेवरून भांडताय, पण शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येत नाही त्याचं काय?? नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (भावाचा) असे चार प्रकार सांगितलेत, वरच्या यादीत वाचिक औषधालाही नाही. आधी श्वास आणि उच्चार पक्के करा, मग खुशाल पद्धती शोधा.

तिसरी_घंटा:
@शेवटची_रांग, वाचिकचं एकदम पटलं, आवाजाचं काम लगेच सुरू करते. @प्रॉम्प्टर, एकच धरायचं मात्र अजूनही मान्य नाही, कारण प्रत्येक नाटक वेगळं काहीतरी मागतं. मुखवट्याच्या नाटकात समोरच्याचा चेहराच दिसत नाही, तिथे चेहरा वाचायची सवय काय कामाची, तिथे फ्रेंच शिक्षक लकॉकसारखं शरीराचंच ट्रेनिंग लागणार. आणि @साइडविंग, ती घडीची गोष्ट उद्याच्या तालमीत करून बघते, पण एक सांगा, हातात काहीच नाही, नुसतं उभं राहून समोरच्याचं लांबलचक स्वगत ऐकायचंय, तेव्हा काय करता?