शेनकेंगची टोफू गल्ली: आईबाबांना घेऊन जावं का?

सायली_शिनचू
नमस्कार मंडळी. मार्चअखेरीस आईबाबा नाशिकहून आमच्याकडे शिनचूला येतायत. बाबांना तैवानचा तो प्रसिद्ध वासाचा टोफू (आंबवलेल्या पाण्यात मुरवलेलं, उग्र वासाचं सोयाबीनचं पनीर) खायचाच आहे, तोही जिथे नावाजलेला आहे तिथे जाऊन. तैपेईजवळच्या शेनकेंग गावातल्या जुन्या रस्त्याचं नाव बऱ्याच जणांकडून ऐकलं. रात्रबाजार सोडून मुद्दाम तिथे जाण्यासारखं आहे का? आई शाकाहारी आहे (कांदा-लसूण चालतं) आणि तिचे गुडघे दुखतात. नीट माहिती असलेल्यांनी सांगा, प्लीज.

डोंगरवाट
सायली, जरूर घेऊन जा. रात्रबाजारात टोफू हा शंभर पदार्थांतला एक असतो, शेनकेंगचं सगळं गावच टोफूवर उभं आहे. आणि तिथे फक्त वासाचा टोफू मिळतो असं समजू नकोस. तिथला साधा टोफूच आधी खायला हवा. तो खारवणाने, म्हणजे मीठ काढल्यावर उरणाऱ्या कडवट पाण्याने, गोठवतात. त्यामुळे तो घट्ट होतो आणि त्याला किंचित करपट वास असतो. हा करपटपणा बिघाड नाही, तीच तिथली ओळख. सोया सॉसमध्ये शिजवलेला हा टोफू गरम भाताबरोबर मागवा.

मग वासाचा. बाबांची पहिलीच वेळ असेल तर कोळशावर भाजलेल्या काडीवरच्या टोफूपासून सुरुवात करा. वरून सॉस, सोबत आंबटगोड कोबी, वास बराच निवतो. त्यानंतर तळलेला: बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. वाफवलेला किंवा तिखट रश्शातला शेवटी, त्यांना आवडतोय असं दिसलं तरच. वासाला घाबरू नका. सुकट भाजताना घरभर वास सुटतो, पण ताटात आल्यावर कुणी नाक मुरडत नाही, तसंच आहे हे.

रस्ता लहान आहे, सपाट आहे. सुरुवातीला मोठं जुनं वडाच्या जातीचं झाड, पुढे दोन्ही बाजूंना जपानी राजवटीच्या काळातली लाल विटांची घरं. दुकानांपुढे कमानींखालून चालता येतं, त्यामुळे पाऊस आला तरी अडत नाही. मागून चिंगमेई नदी वाहते. एके काळी इथला चहा याच नदीतून होड्यांनी खाली जायचा, गाव त्या व्यापारावरच वाढलं. तुझ्या बाबांना हे नक्की सांग, वास्तू बघायची नजर बदलते.

मेथीचीजुडी
आईंसाठी लिहिते, कारण इथे बरेच जण चुकीचा सल्ला देतात. टोफू म्हणजे शाकाहारीच, असं वासाच्या टोफूच्या बाबतीत धरून चालू नका. तो ज्या आंबवलेल्या पाण्यात मुरवतात त्यात भाज्यांबरोबर कधी कधी सुकी कोळंबीही असते. तिखट रश्शात बहुतेक वेळा बदकाचं रक्त असतं. सोया सॉसमध्ये शिजवलेल्या टोफूतही खिमा असू शकतो, तेव्हा डोंगरवाट म्हणतायत ती डिशसुद्धा विचारूनच घ्या. तळायला डुकराची चरबीही वापरतात.

ज्या दुकानाच्या पाटीवर शाकाहाराची खूण म्हणून स्वस्तिक असेल तिथेच आईंना बसवा. ती बौद्ध खूण आहे, आपल्या स्वस्तिकाच्या उलट्या दिशेची. अशा दुकानांत बऱ्याचदा कांदा-लसूणही नसतो. 'वो छ सू' म्हटलं की मी शाकाहारी आहे हे कळतं, पण नुसत्या तेवढ्यावर विसंबू नका, पाणी आणि तेल कशाचं ते फोनवर चिनीत लिहून दाखवा. गोडात दौहुआ घ्या: अगदी मऊ टोफू, साखरेचा पाक, वर शेंगदाणे. टोफूचं आइस्क्रीमही मिळतं.

तैपेईकर_मावशी
शनिवार-रविवार टाळ गं. आणि एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगची (पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाची) सुट्टी असते, तेव्हा तर गर्दी फार. हा रात्रबाजार नाही, जेवायच्या वेळेला पोचा. शिनचूहून वेगवान रेल्वेने तैपेई, मेट्रोने तपकिरी मार्गावरचं मुजा स्टेशन, तिथून ६६० नंबरची बस. गुडघ्यांचा त्रास असेल तर मुजाहून सरळ टॅक्सी करा, अंतर थोडंच आहे. येताना टोफू बांधून आणलात तर मेट्रोत उघडू नका, खाण्यापिण्याला दंड आहे, ७५०० तैवानी डॉलरपर्यंत.

सायली_शिनचू
सगळ्यांचे मनापासून आभार. मेथीचीजुडीताई, कोळंबीचं मला खरंच माहीत नव्हतं, आता विचारूनच घेईन. मावशी, त्याच दिवशी माओकोंगचा, म्हणजे चहाच्या डोंगरावर जाणारा, रोपवे होईल का?

तैपेईकर_मावशी
होईल. रोपवे प्राणिसंग्रहालयाजवळून निघतो आणि ते मेट्रो स्टेशन मुजाच्या पुढचंच, शेवटचं. आधी शेनकेंगला जेवा, मग दुपारी वर जाऊन चहा घ्या. फक्त सोमवार नको, रोपवे सहसा बंद असतो.