मुंबई अपोलो बंदर टाइड गेज, १८७८ पासूनची नोंद: भरवसा किती ठेवायचा आणि तपासायचं कसं?

खाडीकाठ

पीएसएमएसएलच्या (जगभरच्या समुद्रपातळीच्या नोंदी जपणाऱ्या संस्थेच्या) संग्रहातून अपोलो बंदरच्या टाइड गेजची, म्हणजे समुद्रपातळी मोजणाऱ्या यंत्राची, मासिक फाइल घेतली आहे, स्थानक क्रमांक ४३. सरळ रेषा बसवली की वर्षाला साधारण ०.८ मिमी चढ येतो, छापील अभ्यासांतही तेवढाच दिसतो. पण सुरुवातीचं वर्ष दहा-वीस वर्षांनी पुढेमागे सरकवलं की आकडा हलतो. आता चार गोष्टी अडल्या आहेत.

१. 'मेट्रिक' आणि 'आरएलआर' अशा दोन फाइली आहेत. मला कोणती चालेल?
२. मध्येच पातळी काही सेंटीमीटर वर किंवा खाली गेलेली दिसली, तर ती समुद्राची की यंत्राची हे कसं ओळखायचं?
३. गळालेले महिने भरून काढायचे का?
४. शेवटी जो दर येईल त्यासोबत किती ± लिहायचं?

प्रोग्रामिंग येतं, बंदरावरच्या यंत्राची माहिती शून्य.

शून्यरेषा

पहिल्याचं उत्तर सोपं. दीर्घकालीन कलासाठी फक्त आरएलआर. मेट्रिक फाइलमध्ये आकडे संबंधित खात्याने ज्या शून्यावरून मोजून पाठवले तसेच ठेवलेले असतात. ते शून्य मधल्या काळात बदललेलं असू शकतं, आणि फाइल त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आरएलआरमध्ये प्रत्येक तुकडा जमिनीवरच्या बेंचमार्कशी (उंचीच्या पक्क्या खुणेशी) बांधून एकाच पायावर आणलेला असतो. आकडे ७००० च्या आसपास दिसतील, त्याने गोंधळू नका. ऋण संख्या टाळायला पाया मुद्दाम सरासरी पातळीच्या सुमारे ७००० मिमी खाली धरलाय, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईत सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या (सागरी नकाशांवरची खोली ज्या शून्यापासून मोजतात त्याच्या) सुमारे अडीच मीटर वर असते. तो आकडा वेगळा, त्याची इथे सांगड घालायला जाऊ नका.

दुसरा प्रश्न मात्र सगळ्यांत महत्त्वाचा. गेज समुद्राची उंची मोजत नाही. ते पाणी आणि धक्का यांच्यातला फरक मोजतं. म्हणून नोंद चांगली की वाईट हे रेघ किती गुळगुळीत दिसते त्यावर ठरत नाही, शून्य कोणी आणि कसं सांभाळलं त्यावर ठरतं. हिशेब करून बघा. नोंद T वर्षांची असेल आणि तिच्या अगदी मध्यावर h एवढी खोटी पायरी (पातळीची एकदम झालेली उडी) असेल, तर सरळ रेषेच्या उतारात १.५ × h ÷ T एवढी भेसळ होते. ११५ वर्षांच्या नोंदीत ५० मिमीची पायरी म्हणजे वर्षाला ०.६५ मिमी. तुमचा अख्खा कलच ०.८ आहे! तीच पायरी शेवटच्या दहा टक्क्यांच्या तोंडाशी आली, तर भेसळ ०.२३ वर येते. म्हणून संशयाची जागा सापडली की ती नोंदीत नेमकी कुठे बसते हे आधी बघा.

फाइलमध्ये प्रत्येक ओळीला चार रकाने असतात: दशांशातलं वर्ष, पातळी मिमीमध्ये, गळालेले दिवस आणि तीन अंकी खूण. पातळीच्या जागी -९९९९९ म्हणजे महिना नाही. दिवसांच्या जागी ९९ म्हणजे तो महिना अंदाजाने भरलेला. खूण ००१ असेल तर त्या स्थानकाची टिपणं वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. ०१० असेल तर ती सरासरी ताशी आकड्यांची नसून फक्त भरती आणि ओहोटीच्या टोकांची आहे. या दोन सरासऱ्या एक नसतात. उथळ पाण्यात भरतीची लाट वेडीवाकडी होते, एम४ नावाचा सहा तासांचा घटक तयार होतो, आणि तो सेंटीमीटरच्या घरात असला तर दोन सरासऱ्यांत तेवढ्याच घरातला फरक पडतो. नोंदीचा अर्धा भाग एका पद्धतीचा आणि अर्धा दुसऱ्या, म्हणजे यंत्राला कोणी हात न लावता पायरी तयार.

तिसरं: भरू नका. पीएसएमएसएलचाच नियम पाळा. महिन्यात किमान १५ दिवसांचा डेटा असेल तरच मासिक सरासरी, वर्षात किमान ११ महिने असतील तरच वार्षिक. आणि दरवेळी तेच महिने गळतात का हे बघा. पावसाळ्यातच यंत्र बंद पडत असेल, तर उरलेल्या महिन्यांची सरासरी एकाच बाजूला झुकते. आधी प्रत्येक महिन्याची दीर्घकालीन सरासरी वजा करून घ्या, मग वर्षाचं बघा.

भांगाचं_पाणी

वरच्यांशी सहमत, एक भर. ताशी आकडे मिळत असतील तर मासिक फाइलवर डोळे फोडण्याआधी भरतीचाच उपयोग करून घ्या. चंद्र घड्याळ चुकत नाही.

दरवर्षीच्या ताशी आकड्यांचं स्वतंत्र हार्मोनिक विश्लेषण करा, म्हणजे भरती वेगवेगळ्या काळाच्या लाटांत फोडा, आणि एम२ चा (चंद्रामुळे दिवसातून दोनदा येणाऱ्या मुख्य लाटेचा) आयाम (उंची) व कला (लाटेची वेळ, अंशांत) यांचा वर्षवार आलेख काढा. मुंबईत एम२ चा आयाम सुमारे १.२ मीटर. चंद्राच्या कक्षेच्या १८.६ वर्षांच्या चक्रात तो ±३.७ टक्के हलतो, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार सेंटीमीटरच्या आसपास. वर्षवार विश्लेषणात नोडल दुरुस्ती (हेच चक्र काढून टाकणारी) बंद ठेवली, तर ही लाट आलेखात स्वच्छ दिसायला हवी. दिसली तर उभी मोजपट्टी ठीक आहे. मग बिघाड असे वाचायचे:

– आयाम जागच्या जागी, कला एकदम सरकली: घड्याळ. एम२ चा काळ ७४५ मिनिटं, म्हणजे एका मिनिटाला ०.४८ अंश.
– आयाम हळूहळू घटतोय आणि कला मागे पडतेय: गेज ज्या उभ्या नळीत बसतं त्या 'विहिरी'चं, समुद्राचं पाणी आत घेणारं भोक बुजतंय. गाळ, शेवाळ, कालवं. एखाद्या दिवशी दोन्ही पूर्ववत झाले, तर त्या दिवशी कोणीतरी साफसफाई केली.
– आयाम एका दिवसात काही टक्क्यांनी बदलला, कला तीच: कप्पी किंवा गिअरचं प्रमाण बदललं, नाहीतर कागदाची मोजपट्टी चुकीची लावली.

घड्याळाची चूक मासिक सरासरीला फारशी बाधत नाही, पण यंत्राकडे लक्ष होतं की नाही हे ती सांगते. १ मिनिट चुकलं तर मुंबईत भाकीत आणि नोंद यांच्यात सुमारे १ सेंटीमीटर आयामाची भरतीसारखी लाट उरते. जुन्या नोंदीत याची मोठी आवृत्ती असू शकते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची, पण मुंबई स्वतःच्या वेळेला पुढे कित्येक वर्षं चिकटून होती, आणि त्या दोहोंत ३९ मिनिटांचा फरक. कोणी वेळ चुकीची समजून आकडे उतरवले असतील, तर उरलेल्या लाटेचा आयाम जवळजवळ ४० सेंटीमीटर येईल. लपून राहणं शक्यच नाही.

खाडीकाठ

हे फारच कामाचं. विहिरीचं भोक बुजलं तर सरासरीही बिघडते का? की फक्त भरती चेपली जाते?

धक्क्यावरचा

भोक बुजून नुसता उशीर होत असेल, तर सरासरी बरीचशी टिकते. खरा धोका विहिरीच्या तळाचा. गाळ भोकाच्या वर चढला की उधाणाच्या ओहोटीला विहिरीतलं पाणी खाली उतरतच नाही. आलेखात ओहोटीचं टोक गोल न दिसता सपाट दिसतं, ताटाच्या बुडासारखं. भरतीचं टोक मात्र शाबूत. अशाने महिन्याची सरासरी वर जाते, आणि ती 'समुद्र वाढला' म्हणून मोजली जाते. हे ओळखायची खूण म्हणजे भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असताना) नोंद ठीक आणि उधाणाच्या दिवसांत ओहोटी कापलेली. मासिक फाइलमध्ये यातलं काही म्हणजे काही दिसत नाही.

बाकी यंत्रांचे नेहमीचे रोग: विहिरीत तारेला बांधलेल्या तरंगत्या डब्याला भोक पडून पाणी शिरलं की तो खोल बसतो, नोंद खाली सरकते. तार कप्पीवर घसरली तर एकदम पायरी. दमट हवेत कागद ताणला तर मोजपट्टी फसवते. दाबावर चालणाऱ्या गेजला पाण्याची घनता लागते. पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी येऊन घनता १०२० वरून १००५ वर आली आणि सेन्सरवर ५ मीटर पाणी असलं, तर जुन्या घनतेने हिशेब करणारा पातळी ७ सेंटीमीटरने कमी दाखवेल, तीही दरवर्षी त्याच महिन्यांत. रडार गेजला घनतेचं काही नाही, पण त्याचं शून्य म्हणजे अँटेनावरचा एक बिंदू. लोखंडी हात बदलला आणि पुन्हा लेव्हलिंग (बेंचमार्कपासून उंची मोजून जुळवणं) केलं नाही, तर शून्य गेलं.

आज चालू असलेल्या गेजवर करायची सगळ्यांत स्वस्त तपासणी म्हणजे वान द कास्तील चाचणी. उधाणाचा, वारा नसलेला दिवस निवडा. पूर्ण भरती-ओहोटी, म्हणजे साडेबारा तास, दर १५ मिनिटांनी विहिरीत फीत सोडून किंवा शेजारच्या मोजकाठीवर पातळी वाचा आणि त्याच क्षणी गेजचा आकडा टिपा. उभ्या अक्षावर पातळी, आडव्या अक्षावर दोहोंतला फरक. उभी सरळ रेघ आली तर गेज उत्तम. रेघ सरळ पण शून्यापासून बाजूला असेल तर फक्त शून्याची चूक. तिरकी असेल तर मोजपट्टीची. चढता-उतरताना दोन वेगळ्या वाटा होऊन वेटोळं झालं, तर घड्याळ पुढेमागे आहे, नाहीतर गिअर ढिला आहे. मधेच मोडलेली रेघ म्हणजे तार किंवा डबा कुठेतरी घासतोय. फीत मोजणाऱ्याचं घड्याळ गेजच्या घड्याळावरून लावू नका. तसं केलं तर वेटोळं आपणच पुसून टाकतो.

आलेख_प्रेमी

एवढं सगळं करण्यापेक्षा पायऱ्या शोधणारं सॉफ्टवेअर चालवा, जिथे पायरी सापडेल तिथे दुरुस्त करा आणि मोकळे व्हा. हवामानाच्या तापमान नोंदींत हेच करतात.

शून्यरेषा

सापडवायला जरूर वापरा, दुरुस्तीचा परवाना म्हणून नको. अरबी समुद्राची वर्षावर्षातली चढउतार काही सेंटीमीटरची असते, हिंद महासागर द्विध्रुव (महासागराच्या पूर्व-पश्चिम बाजूंच्या तापमानातला झोका) आणि एल निनोच्या वर्षांत तर विचारूच नका. सॉफ्टवेअर त्यालाही पायरी म्हणेल आणि तुम्ही खरा समुद्र कापून टाकाल. दुरुस्ती फक्त कागदाचा पुरावा असेल तिथे: लेव्हलिंगची वही, यंत्र बदलल्याची तारीख, बेंचमार्क हलवल्याची नोंद.

पुरावा नसेल तर शेजाऱ्यांना विचारा. कराचीची नोंद १९१६ पासून, कोचीची १९३९ पासून, कांडल्याची १९५० पासून, मुरगावची १९६९ पासून आहे. मुंबईतून एकेक शेजारी वजा करून फरकाचे आलेख काढा. पायरी सगळ्याच फरकांत एकाच वर्षी, एकाच दिशेने दिसली तर दोष मुंबईचा. फक्त मुंबई वजा कराचीत दिसली तर कराचीचा. कोणत्याच फरकात नसेल तर समुद्रच तसा वागला. १९१६ च्या आधी हा न्याय लागू करणं अवघड, कारण तेव्हाचा लांबच्या नोंदीचा सोबती एडनच, आणि तो फार दूर. तेव्हा सुरुवातीची चाळीसेक वर्षं मुंबई एकटीच बोलते असं समजा, आणि त्या काळातल्या पायऱ्यांबद्दल ठाम बोलू नका.

एक प्राथमिक साफसफाई: फरक काढण्याआधी हवेचा दाब वजा करा. दाब १ हेक्टापास्कलने घटला की पाणी साधारण १ सेंटीमीटर चढतं. मुंबईत जानेवारी आणि जुलै यांच्यात दाबाचा फरक सुमारे १० हेक्टापास्कलचा आहे.

भूमिती

चौथा प्रश्न राहिला. एक्सेल जो ± देतं तो घेऊ नका. ते प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षापासून स्वतंत्र धरतं, समुद्र तसा नसतो. रेषा वजा करून उरलेल्या आकड्यांचा एका वर्षाच्या अंतराचा सहसंबंध काढा. तो ०.४ आला तर परिणामकारक (खरोखर स्वतंत्र धरता येतील अशी) वर्षं एकूण वर्षांच्या ४३ टक्केच उरतात आणि त्रुटी दीडपट होते. साठ वर्षांपेक्षा लहान तुकड्याचा कल तर सांगूच नये. तुमचा आकडा सुरुवात बदलल्यावर का हलतो, त्यातला बराच भाग इथेच आहे.

आणि हा दर समुद्राचा नाही, समुद्र वजा जमीन असा आहे. उन्नीकृष्णन आणि शंकर यांच्या २००७ च्या अभ्यासात हिमयुगोत्तर भू-उठावाची (बर्फाचं ओझं गेल्यावर जमिनीच्या अजून चालू असलेल्या हालचालीची) दुरुस्ती केल्यावर उत्तर हिंद महासागरातल्या लांब नोंदींचे दर वर्षाला १.०६ ते १.७५ मिमी आले, सरासरी १.२९. हुगळीवरचं डायमंड हार्बर मात्र पाच मिमीच्या वर, कारण तिथे त्रिभुज प्रदेश खचतोय. मुंबईत ती दुरुस्ती केल्याने दर वाढतो, कमी होत नाही. पण ही मॉडेलची दुरुस्ती आहे. धक्का भरावावर आहे की खडकावर हे तिला माहीत नसतं. त्यासाठी गेजच्या बेंचमार्कशी लेव्हलिंगने जोडलेला जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा मोजणारा संच) लागतो, शहरात दुसरीकडे कुठेतरी असलेला नव्हे.

जाता जाता: देशाचा उंचीचा जुना पाया ज्या नऊ बंदरांच्या सरासरी पातळीवर १९०९ मध्ये बसवला त्यांत मुंबईही होती. म्हणून अपोलो बंदरची मुळं लेव्हलिंगच्या जाळ्यात बऱ्यापैकी खोल आहेत. इतक्या जुन्या नोंदीला हे भाग्य सहसा मिळत नाही.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. आधी खुणांचा रकाना, मग फरकाचे आलेख, मग त्रुटी, असा क्रम लावतो. शेवटचा प्रश्न: प्रिन्सेस डॉकलाही जुनं गेज होतं. ते आकडे मिळाले तर अपोलो बंदरच्या गळालेल्या महिन्यांत बसवू का?

धक्क्यावरचा

दोन्ही एकाच बेंचमार्कांशी बांधलेली असतील, किंवा दोन्ही एकत्र चालू असलेली निदान काही वर्षं हाताशी असतील, तरच. त्या सामाईक काळातला मासिक फरक काढा. तो बारा महिने जवळपास सारखा राहिला तर एकच आकडा वजा करून जोडता येईल. पावसाळ्यात वेगळा पडला तर गोदीच्या आतलं पाणी बाहेरच्यासारखं वागत नाहीये, मग महिन्यागणिक वेगळी दुरुस्ती लागेल. आणि जोडलेले महिने फाइलमध्ये वेगळी खूण देऊन ठेवा.