मदत हवी आहे: कुत्र्याचं तोंड सुजलंय, बेनाड्रिल किती देऊ?

कृष्णाकाठ: वाईजवळ शेतावर आहे. राजाचं तोंड एका बाजूनं टम्म सुजलंय, डोळा मिटलाय, पंजानं सारखं घासतोय. घरात बेनाड्रिलची बाटली आहे. किती देऊ? लवकर सांगा.

उसाचा_फड: काय चावलं? किती वेळ झाला? वजन?

माळावरचा: कांदा ठेचून चोळा. आमच्या टिप्याला दोनदा गांधीलमाशी डसली, सांजेपर्यंत सूज उतरली.

गोठेवाली: कांदा नको! चाटून पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

माळावरचा: आमच्याकडं एकालाही कधी काही झालं नाही.

कृष्णाकाठ: वीसेक किलो असेल. बांधावरच्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यात तोंड घातलं, अर्धा तास झाला. बेनाड्रिलचं कुणीच सांगेना!

उसाचा_फड: खोकल्याच्या औषधात आणखीही घटक असतात. बाटलीवरचं डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा, अंदाजानं पाजू नका. मधमाशी असती तर काटा नखानं खरवडून काढायला सांगितलं असतं, गांधीलमाशी काटा सोडत नाही. गार पाण्याचं फडकं ठेवा. ओठ उचलून हिरड्या बघा, गुलाबी आहेत का? उलटी, जुलाब?

रानवाट: घोणस तर नव्हे ना? दातांच्या खुणा, रक्त बघा. आणि ते पोळं रात्री पेटवून द्या.

गोठेवाली: पेटवू नका, गांधीलमाश्या पिकावरच्या अळ्या नेतात. वाटेवर नसेल तर राहू द्या.

कृष्णाकाठ: पोळं माझं मी बघतो. खुणा नाहीत. उलटी मघाशी दोनदा झाली, भाकरीच पडली म्हणून लिहिलं नव्हतं. हिरड्या पांढुरक्या दिसतायत.

उसाचा_फड: मग निघा, आत्ता! कुत्र्यात ही ॲलर्जीची रिॲक्शन यकृत-आतड्यांवर येते, ही उलटी भाकरीची नाही. तोंडानं काही देऊ नका. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आणि सलाइन लागेल, ते घरी होत नाही.

रानवाट: १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा, डॉक्टरांची गाडी येते.

गोठेवाली: गाडीची वाट बघू नका. जवळचा डॉक्टर फोन करून गाठा, नाहीतर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय.

कृष्णाकाठ: निघालो.

कृष्णाकाठ: वाईतच डॉक्टर भेटले. इंजेक्शन झालं, सलाइन चालू आहे. जिभेखालीही एक डंख निघाला. हिरड्यांना रंग येतोय, रात्रभर इथंच ठेवणार. मी बाकड्यावर बसलोय.

माळावरचा: रेबीजची लस दिली आहे ना?