‘डिस्क इमेज’ला काय म्हणायचं? आणि ‘माउंट’ला?

उंबरठा
एका वाचनालयाची मदतपुस्तिका मराठीत करतेय. त्यांनी जुन्या सीड्यांच्या आयएसओ फायली करून ठेवल्यात (अख्खी सीडी जशीच्या तशी एका फाइलीत, म्हणजेच डिस्क इमेज), त्या घरी कशा उघडायच्या हे सभासदांना सांगायचंय. आधीच्या मसुद्यात ‘डिस्क प्रतिमा’ असा शब्द होता. वाचून बघायला दिला, तर एका बाईंनी ती फाइल फोटो बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि ‘फोटो दिसत नाही, फाइल खराब आहे’ असं कळवलं. त्यांचं काय चुकलं? मराठी मेन्यूत ‘प्रतिमा’ म्हणजे चित्रच असतं. दुसरा अडसर ‘माउंट’चा, म्हणजे ती फाइल खरी सीडी घातल्यासारखी कॉम्प्युटरवर उघडण्याचा. तिथे ‘आरोहित करा’ लिहिलंय. ते वाचून कुणाचा हात माउसकडे जाईल? सुचवा.

सह्यकडा
प्रतिकृती. शुद्ध, सोपा, सगळ्यांना कळणारा शब्द.

तळघर
प्रतिकृती नको. रायगडाची प्रतिकृती करतो तेव्हा बाहेरचा आकार येतो, आतला ऐवज नाही. इथे नेमकं उलट आहे. 1.44 एमबीच्या फ्लॉपीवर 512 बाइटांचे 2880 सेक्टर, म्हणजे कप्पे, असतात. तिची इमेज केली की फाइल भरते 14,74,560 बाइटांची, मग फ्लॉपीत एका पानाचं पत्र का असेना. बूट सेक्टर (कॉम्प्युटर सुरू होताना वाचला जाणारा पहिला कप्पा), फायलींची यादी, मोकळी जागा, पुसलेल्या फायलींचे अवशेष, सगळं आहे त्या क्रमाने येतं. नुसत्या फायली कॉपी केल्या तर यातलं बरंच मागे राहतं. शब्दात हा फरक दिसला पाहिजे.

बांधावरून
मग शब्द आपल्याकडे आहेच: नक्कल. माझी सगळी नोकरी जमिनीच्या कागदपत्रांत गेली. सातबाराची नक्कल, फेरफाराची नक्कल. जुन्या दस्तांवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असायचा, म्हणजे मुळात जसं आहे तसं, काना-मात्रेचा फरक नाही. डिस्क इमेज याहून वेगळी काय असते?

सह्यकडा
नक्कल म्हटलं की लोकांना परीक्षेतली कॉपी आठवते. शिवाय शब्द अरबी. महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करून घेतला होता? नवी वस्तू आली की तिला आपला शब्द द्यावा, उसना घेऊ नये. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ नवे होते तेव्हाही लोकांना खटकले असतील, आज खटकतात का?

बांधावरून
कोशाबद्दल आदर आहेच. पण कोश झाल्यावरही पेशव्यांच्या दफ्तरात ‘दफ्तर’ राहिलं आणि ‘फडणीस’ही राहिले. ज्या शब्दावर शेतकऱ्याने तलाठ्याकडून पिढ्यान्‌पिढ्या कागद घेतला तो परका कसा? आणि संस्कृतच हवा असेल तर ‘सत्यप्रत’ घ्या. झेरॉक्सवर तो शिक्का मारून घेतलेला नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही.

तळघर
सत्यप्रत आवडला. साक्षांकनाचा भागही जुळतो. लिनक्सची आयएसओ उतरवली की साइटवर तिची एसएचए-256 बेरीज, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बाइटांवरून गणिताने काढलेली खूण, दिलेली असते. आपल्या फाइलची बेरीज काढून ताडून बघायची. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी उत्तर बदलतं.

पैलतीर
‘माउंट’ राहिलं. मी मोठ्या मशीनवर ऑपरेटर होतो तेव्हाची गोष्ट. कन्सोलवर निरोप यायचा, अमुक नंबरची टेप माउंट करा. रॅकमधून रीळ काढायचं, स्पिंडलवर बसवायचं, टेपचं टोक ओवून घ्यायचं, मग मशीन पुढे सरकायचं. शब्द तिथूनच आला. आम्ही आपसात म्हणायचो ‘टेप लाव’. घरी कॅसेट लावायचो, नंतर सीडी लावायला लागलो. मग इमेजही ‘लावा’ आणि झाल्यावर ‘काढा’.

माळरान
‘लावणे’ फार सैल आहे. दिवा लाव म्हणजे सुरू कर, दार लाव म्हणजे बंद कर. ‘फाइल लावा’ वाचून माणूस ती बंद करेल. आमच्या ऑफिसात तर फाइल लावणे म्हणजे कपाटात जागच्या जागी ठेवणे.

पैलतीर
दार आणि दिवा यांत मराठी माणसाचा कधी गोंधळ होत नाही. ‘फाइल लावा’ नाहीच लिहायचं, ‘डिस्क लावा’ लिहायचं. कर्म बरोबर असलं की क्रियापद आपोआप कळतं.

माळरान
मग ‘जोडा’ का नको?

तळघर
ईमेलला फाइल जोडतात, तो गोंधळ होईल. उंबरठा, शब्द ठरेल तेव्हा ठरेल, कृती लिहून टाका. विंडोज 8 पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की पुरतं. ‘धिस पीसी’मध्ये नव्या अक्षराचा डीव्हीडी ड्राइव्ह दिसतो. काम झालं की त्याच्यावर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’. विंडोज 7 वर नुसती सीडी बर्न करायची सोय होती, तिथे सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने फायली बाहेर काढायच्या. मॅकवरही डबल क्लिक. हेही लिहा की लावलेल्या आयएसओत काही साठवता येत नाही, आधी फाइल बाहेर कॉपी करा. आणि आयएसओ तशीच पेनड्राइव्हवर टाकली म्हणून त्यावरून कॉम्प्युटर सुरू होत नाही, त्यासाठी रूफससारख्या प्रोग्रॅमने ती लिहावी लागते.

सह्यकडा
आणि ‘आयएसओ’ला काय म्हणणार?

तळघर
आयएसओच. 1988 च्या आयएसओ 9660 या मानकावरून पडलेलं नाव आहे. फाइलला नाव चुकीचं दिलेलं असलं तरी ओळख पटते. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचा एकेक बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून 32,769 या जागेवर जा, तिथे ‘सीडी001’ ही पाच अक्षरं असतात. ती दिसली नाहीत तर फाइल खराब झाली असेल, नाहीतर ती ‘.bin’सारखी दुसऱ्या घडणीची फाइल असेल.

उंबरठा
मनापासून आभार. आत्ता एक लावून बघितली. नव्वदीतला दिवाळी अंक आहे, फायली दिसतात, पण लेख उघडले की मराठीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं. हे इमेज करताना बिघडलं का?

पैलतीर
इमेज बिघडलेली नाही. तो मजकूर युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारं मानक) आधीच्या फाँटात बसवलेला आहे: श्रीलिपी, आकृती नाहीतर सी-डॅकचं आयएसएम. विंडोजमध्येच देवनागरी आली विंडोज 2000 पासून, त्याआधी कुठल्या क्रमांकाला कुठलं अक्षर याचं प्रत्येक फाँटाचं कोष्टक वेगळं. सीडीत टीटीएफ फाइल, म्हणजे फाँटाची फाइल, आहे का ते आधी शोधा. अंकाबरोबर फाँट दिलेला असला तर तो बसवला की लेख वाचता येतात. युनिकोडमध्ये बदलताना कन्व्हर्टर त्याच फाँटाचा घ्या, नाहीतर रफार आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते.

बांधावरून
फाँट मिळाला तर त्याचं नाव इथे टाका. माझ्याकडेही त्या काळातले दोन दिवाळी अंक तसेच अडकून पडलेत.

सह्यकडा
फाँटला ‘टंक’ म्हणा की.

माळरान
टंक म्हणजे छिन्नी. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.