एप्रिलात रीफ टँक ३० अंशांवर जातोय, आकडा किती धरायचा?

इंदिरानगरची_झोआ
नमस्कार मंडळी. घर नाशिकला इंदिरानगरात, सगळ्यात वरचा मजला. दुपारी स्लॅब तापला की हॉलची भट्टी होते. रीफ टँक (प्रवाळ नि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा) अडीच फुटी, पाणी दीडशे लिटरच्या आसपास. दोन क्लाउनफिश, झोआंचे तीन दगड, एक लेदर, थोडे मश्रूम (तिन्ही दगडी सांगाडा नसलेली प्रवाळं). दिवाळीनंतर लावला, थंडीभर हीटर २५ वर होता आणि सगळं छान चाललं होतं.

आता सकाळी सहाला २६, दुपारी चारला ३०.२. आधी हे कळलंच नाही, कारण काचेला बाहेरून चिकटवलेली पट्टी २८ च्या पुढे सरकत नव्हती. साधा काचेचा थर्मामीटर आत सोडला आणि पोटात गोळा आला. झोआ दुपारी मिटून बसतात. दोघांतला लहान क्लाउन फिल्टरच्या धारेखाली जाऊन भराभर कल्ले हलवत राहतो.

रविवारी मी बाहेर गेले होते, तर सासूबाईंनी "बिचाऱ्यांना उकडतंय" म्हणून दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या गोठवून टँकमध्ये सोडल्या. दीड तासात पाणी दोन अंश उतरलं, संध्याकाळी परत चढलं. रागवणार तरी कशी?

कुणी २४ सांगतं, कुणी २८. नेमका किती धरायचा? चिलरचं (पाणी गार करणाऱ्या यंत्राचं) बजेट नाही.

डोंबिवलीचा_डॅमसेल
समुद्रात २८-२९ असतंच की. लक्षद्वीपचं प्रवाळ त्याच पाण्यात वाढतं. माझा टँक वर्षभर २८ वर आहे, काही होत नाही. उगाच टेन्शन घेऊ नका.

गोदाकाठ
डॅमसेलभाऊ, मीही अगदी हेच म्हणायचो. कॉलेज रोडला घर, टँक २८ वर, मजेत. मग मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी नऊला वीज गेली ती दोनला आली. तोवर पाणी साडेएकतीस. पुढच्या आठवड्यात झोआंचा एक अख्खा दगड दुधासारखा पांढरा पडला. त्यांच्या अंगात राहणारं शैवाल उष्णतेनं बाहेर टाकलं जातं, रंगही त्याचाच आणि बरंचसं अन्नही त्याचंच. लक्षद्वीपचं म्हणाल तर १९९८ साली तिथलंच प्रवाळ एल निनोच्या तापल्या पाण्यात मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं. त्या जागेच्या नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त, तोही काही आठवडे टिकला, की प्रवाळ पांढरं पडायला लागतं. म्हणजे २८-२९ ला ते जगतं हे खरं, पण तिथून वर जायला जागा फार थोडी असते.

ताई, पुस्तकी पट्टा २४ ते २७. त्यातला कोणता आकडा धरायचा हे तुमच्या घराच्या सगळ्यात वाईट दुपारीवरून ठरवा. वरच्या मजल्यावर मी २६ धरेन, म्हणजे वीज गेली तरी हाताशी दोन-तीन अंश राहतात. आणि तुमच्याकडे खरा त्रास ३० पेक्षा रोजच्या चार अंशांच्या झोक्याचा आहे. दिवसभरात अंशाच्या आत फरक राहिला तर २५ काय नि २६ काय, दोन्ही चालतील.

क्लाउन धारेखाली का जातो तेही सांगतो. खाऱ्या पाण्यात समुद्रसपाटीला २५ अंशांना लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला सव्वासहाच्या आत. आपण तर समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटरवर, म्हणजे त्याहून थोडा कमीच. वेव्हमेकरचं (पाणी ढवळणाऱ्या पंपाचं) तोंड वर करा, पाण्याचा पृष्ठभाग थरथरला पाहिजे.

चिलर राहू द्या. हॉलमध्ये ठेवला तर तो हॉलच तापवतो. १२ व्होल्टचे कॉम्प्युटरचे दोन पंखे आणा, टँकचं झाकण काढा (मासे उडी मारतात, जाळी लावा) आणि पाण्यावर तिरका वारा मारा. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. तुमचे दीडशे लिटर एक अंश उतरवायला दीडशे किलोकॅलरी पुरतात. खोली उलटी उष्णता देतच राहते, तरी दोन-तीन अंशांचा फरक पडतो. नाशिकचा एप्रिल कोरडा, इथे पंख्याला मुंबईपेक्षा चांगला हात मिळतो.

फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. दिवसाला तीन लिटर उडालं आणि दोन दिवस विसरलात तर ३५ चा खारटपणा (किलोमागे ३५ ग्रॅम मीठ) ३६ च्या वर. भर रोज घालायची आणि ती आरओच्या गोड्या पाण्याची. गंगापूर धरणाचं पाणी आपल्याला कितीही गोड लागलं तरी नळाला येताना त्यात क्लोरीन असतं.

पंखे नि हीटर दोन्ही एसटीसी-१००० वर (तापमान बघून ते चालू-बंद करणारा कंट्रोलर) टाका. २६ लावा, फरक ०.५. हीटरचं स्वतःचं बटण २७ वर ठेवा, म्हणजे कंट्रोलरचा रिले (आतला स्विच) चिकटला तरी रस्सा होणार नाही.

तारकर्लीचा_भाचा
वरच्याला अनुमोदन. थंडीसाठी २०० वॉटचा एक हीटर घेण्यापेक्षा १०० चे दोन घ्या, एक बिघडला तरी टँक वाचतो.

आणि एक, विषय निघालाच आहे म्हणून. झोआ, लेदर, मश्रूमवरच थांबा. दगडासारखा सांगाडा बांधणारं प्रवाळ आणि समुद्रपंखे (सी फॅन, पंख्याच्या आकाराचं प्रवाळ) २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. "मालवणचा ताजा पीस आहे" म्हणत कुणी पिशवी पुढे केली तर हात लावू नका.

इंदिरानगरची_झोआ
सगळ्यांचे आभार. आज सहावा दिवस. पंखे शालिमारहून आणले, नवऱ्यानं अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवले. काल बाहेर ३९ होतं, टँक दुपारी चारला २६.९, सकाळी २५.८. रोज अडीच लिटर उडतं. काचेवर नेलपेंटनं रेघ मारली आहे, रेघेपर्यंत भरायचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं. मिठाचं समजावलं तर म्हणाल्या, "आमटी आटली की खारट होते, मला काय सांगतेस."

झोआ काल दुपारी पहिल्यांदा उघडे दिसले, एक दगड सोडून. पावसाळ्यात पंखे चालतील का?

गोदाकाठ
दमट हवेत फार नाही चालत. पण नाशिकच्या जुलैत तुमची खोलीच २६ च्या आसपास असेल, कंट्रोलर पंखे लावणारही नाही. तो मिटलेला दगड धारेच्या अगदी समोर आहे का बघा. फोटो टाका.