दमट हवेत टेरीपेक्षा वॉफल बरे
कोकणातल्या होमस्टेसाठी ४०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचे) जाड टेरी, म्हणजे टॉवेलसारख्या फासेदार कापडाचे बाथरोबच (आंघोळीनंतर घालायचे झगे) घ्यावेत, या सूचनेशी मी पूर्णपणे सहमत नाही. टेरीवरील सुताचे फासे पाणी भरपूर शोषतात हे खरे, पण ते धरूनही ठेवतात. त्यामुळे श्रावणात दोन दिवस दोरीवर टांगूनही काखेतली शिवण ओलसर राहते आणि कुबट वास धरते. चौकटीच्या विणीचे हलके सुती वॉफल कापड लवकर वाळते व वॉशिंग मशिनमध्ये जागाही कमी घेते. महाबळेश्वरच्या थंडीत मात्र टेरीच हवे. सोलापुरी टेरी टॉवेल वापरणाऱ्यांना टेरीची ऊब वेगळी सांगायला नको. टेरीचाच मखमली प्रकार असलेले वेलूर दिसते छान, परंतु वरचे फासे कापलेले असल्यामुळे त्या बाजूने पाणी कमी टिपते. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून माप थोडे सैलच घ्यावे.