मदत हवी आहे: एनएसलुकअपला नाव सापडतं, पिंग आणि फायरफॉक्सला नाही (डेबियन 12, शाळेची लॅब)

नमस्कार मंडळी, आमच्या शाळेच्या लॅबमध्ये 14 मशिन आहेत, सगळ्यांवर डेबियन 12 आणि ग्नोम. गावात नेट धड नसतं म्हणून एका जुन्या पीसीवर किविक्स (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) टाकून मराठी विकिपीडिया ठेवलाय, सोबत पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ. पोरं आत्तापर्यंत 192.168.1.10 टाकून उघडायची, पण पाचवीतल्या मुलांकडून एक टिंब राहिलं की पान येत नाही आणि तास संपेपर्यंत ती नुसती बसून राहतात, ते बघवत नाही. म्हणून त्याच पीसीवर डीएनएसमास्क (नावावरून आयपी पत्ता सांगणारा छोटा डीएनएस सर्व्हर) बसवून वाचन.लोकल असं नाव दिलं आणि राउटरच्या डीएचसीपीमध्ये (मशिनना नेटवर्कची सेटिंग आपोआप देणारी सोय) डीएनएस म्हणून फक्त 192.168.1.10 टाकला.

आता ऑफिसच्या विंडोज मशिनवर नाव टाकलं की पान लगेच उघडतं, लॅबमध्ये मात्र एकाही मशिनवर नाही. पिंग (समोरचं मशिन उत्तर देतं का बघायची कमांड) वाचन.लोकल केलं तर 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' येतं, आणि त्याच मशिनवर, त्याच टर्मिनलमध्ये एनएसलुकअप (नावाचा आयपी विचारायची कमांड) केलं की बरोबर 192.168.1.10! आकडा टाकून पिंग चालतं, रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (कोणता डीएनएस वापरायचा ते लिहिलेली फाइल) नेमसर्व्हर बरोबर आहे, बाहेरच्या साइट उघडतात. होस्ट्स फाइलमध्ये (त्या त्या मशिनवरचीच नाव-आयपीची यादी) नाव लिहिलं तरी चालतं, पण उद्या सर्व्हरचा आयपी बदलला की परत सगळ्या मशिनवर हात फिरवायचा, ते नकोय.

डीएनएसमास्कचं लॉग चालू करून बसलो तर एनएसलुकअप केल्यावर वाचन.लोकलची ओळ येते, पिंग केल्यावर ती येतच नाही, त्याऐवजी नुसत्या 'लोकल'साठी एसओए (डीएनएसमधली झोनची मुख्य नोंद) अशी क्वेरी दिसते. म्हणजे पिंग आमच्या सर्व्हरला नाव विचारतच नाहीये, मग विचारतंय कोणाला? जाणकारांनी प्लीज सांगा, शनिवारच्या आत मुलांना चालू करून द्यायचंय.

प्रतिसाद 1
डीएनएस कॅश फ्लश करून बघा, नाहीतर 8.8.8.8 टाका, माझं तसंच सुटलं होतं.

धागाकर्ता
धन्यवाद, पण 8.8.8.8 ला आमच्या लॅबमधलं नाव कुठून माहीत असणार? आणि मशिन रीस्टार्ट करूनही तेच होतंय.

प्रतिसाद 2
सर, एनएसलुकअपवर जाऊ नका, तो सरळ डीएनएस सर्व्हरला विचारतो. पिंग आणि ब्राउझर सिस्टिमच्या रस्त्याने जातात, तो रस्ता तपासायचा तर 'गेटेंट होस्ट्स वाचन.लोकल' करा. आणि ईटीसीमधल्या एनएसस्विच.कॉन्फची (नाव कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचं ते ठरवणारी फाइल) होस्ट्सची ओळ इथे टाका.

धागाकर्ता
गेटेंट काहीच दाखवत नाही. ओळ अशी आहे: फाइल्स, मग एमडीएनएस4_मिनिमल, मग चौकटी कंसात नॉटफाउंड=रिटर्न, मग डीएनएस.

प्रतिसाद 2
मग सापडलं. ही ओळ डावीकडून वाचली जाते. आधी होस्ट्स फाइल, म्हणून तिथे लिहिल्यावर चालत होतं. नंतर एमडीएनएस, आणि .लोकलने संपणारं नाव त्याच्याच ताब्यात असतं. तो कुठल्या सर्व्हरकडे जात नाही, पोर्ट 5353 वर 224.0.0.251 ला 'हे नाव कोणाचं' म्हणून सगळ्या नेटवर्कला हाक मारतो. ओ द्यायला कोणी नाही, की नॉटफाउंड=रिटर्न, म्हणजे तिथूनच परत, डीएनएसपर्यंत गाडी पोचतच नाही. लॉगमधली एसओए क्वेरी पण त्याचीच, इथे कोणी .लोकलचा झोन (त्या शेवटाखालच्या सगळ्या नावांचा अधिकृत कारभार) खरंच चालवतंय का ते तो आधी बघून घेतो, तुमच्याकडे नुसतं एक नाव आहे, झोन नाही. .लोकल 2013 च्या आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) 6762 पासून यासाठीच राखीव आहे, त्यामुळे डीएनएसमध्ये ते वापरूच नये.

धागाकर्ता
खूप खूप आभार, आता लॉगचा अर्थ लागला! मग एमडीएनएस त्या ओळीतून काढून टाकू का?

प्रतिसाद 2
काढू नका, लॅबमध्ये नेटवर्क प्रिंटर असेल तर बहुतेक तो .लोकल नावानेच सापडत असेल. नावच बदला. घरगुती नेटवर्कसाठी होम.आर्पा आहे, आरएफसी 8375, आणि 2024 मध्ये आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) .इंटरनल खाजगी वापरासाठी राखून ठेवलंय. मुलांना वाचन.इंटरनल सोपं जाईल. डीएनएसमास्कमध्ये तेवढी ओळ बदला, सर्व्हिस रीस्टार्ट करा, परत गेटेंट.

धागाकर्ता
झालं!! गेटेंटला आयपी आला, फायरफॉक्समध्ये पान उघडलं, सगळ्या मशिनवर होमपेज म्हणून तेच लावतोय. एकच शंका, लाइट गेली की तो पीसी बंद पडतो, आणि लाइट आल्यावर कोणी चालू करेपर्यंत लॅबला डीएनएसच नसतो. डीएचसीपीमध्ये दुसरा डीएनएस म्हणून 8.8.8.8 देऊन ठेवू का?

प्रतिसाद 3
तसं करू नका. दुसरा डीएनएस म्हणजे स्टेपनी नव्हे, मशिन दोघांपैकी कोणालाही विचारू शकतं, आणि 8.8.8.8 ने 'असं नावच नाही' म्हटलं की ते उत्तर खरं धरलं जातं. मग कधी पान उघडेल कधी नाही, आणि शोधत बसाल. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स सिस्टिम) चालत असेल तर त्यात डीएनएसमास्क आधीपासूनच असतो, हे नाव तिथेच टाका. राउटरचं मॉडेल सांगा, बघून सांगतो.